घरचा पडदा आणि चित्रपटाचे मूळ रूप : पाहण्याचे तंत्रज्ञान अनुभव कसा घडवते?

(विशेष संदर्भ लेख)

यशवंतपूर (बंगळुरू) : दिग्दर्शकाने पूर्ण केलेला चित्रपट आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाला दिसणारा चित्रपट एकच असतो, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात या दोहोंमध्ये दूरचित्रवाणी संचाचा आकार, त्याची कारखान्यातून ठरून आलेली मांडणी, ध्वनिक्षेपक, इंटरनेट जोडणी आणि खोलीतील प्रकाश एवढे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर चित्रपट थोडा बदलतो. कधी चौकटीचा कडेचा भाग जातो, कधी संवाद बुडतात, तर कधी रात्रीचे दृश्य राखाडी होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या प्रश्नाला अधिक वजन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकाच्या लोकसंख्येत मराठी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण सुमारे ३.४ टक्के होते. लातूर आणि पंढरपूरकडे जाणाऱ्या गाड्या जेथून सुटतात त्या यशवंतपूरच्या परिसरात बहुपडदा चित्रपटगृह आहे. परंतु बंगळुरूत मराठी चित्रपटांना सहसा मोजकेच खेळ मिळतात आणि तेही बहुधा शनिवार-रविवारी. त्यामुळे बहुतेक मराठी चित्रपटांची येथील पहिली आणि शेवटची भेट घरच्या पडद्यावरच होते. तो पडदा चित्रपटाचे काय करतो, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

जालहळ्ळीची चित्रनलिका

देशातील घरगुती पडद्याच्या इतिहासाचा एक धागा यशवंतपूरच्या शेजारी असलेल्या जालहळ्ळीत सापडतो. संरक्षण क्षेत्रासाठी १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड (बीईएल) या सार्वजनिक उपक्रमाने १९७० मध्ये कृष्णधवल दूरचित्रवाणी संचांसाठी लागणाऱ्या चित्रनलिकांचे, म्हणजे पिक्चर ट्यूबचे उत्पादन सुरू केले. १९७२ मध्ये याच संस्थेने दूरदर्शनसाठी प्रक्षेपक तयार करण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे १९८६ मध्ये बीईएलने चित्रनलिकांना लागणाऱ्या काचेच्या कवचांचा कारखाना रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे उभारला.

चित्रनलिकेच्या पडद्याची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ४:३ होते. चित्र ६२५ आडव्या रेषांचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे असे. या तीन आकड्यांनी पुढील तीन दशके भारतीय घरांत चित्रपट कसा दिसेल हे ठरवून टाकले. मुंबई केंद्रावरून शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट दाखवला जात असे, तेव्हा वस्तीतील एकाच संचासमोर शेजारीपाजारी जमत. चित्र लहान आणि धूसर असले तरी पाहणे सामूहिक होते.

बंगळुरू दूरदर्शन केंद्र १९८१ मध्ये सुरू झाले आणि स्वाभाविकपणे त्याची भाषा कन्नड होती. येथील मराठी प्रेक्षकापर्यंत मातृभाषेतील चित्रपट पोहोचण्यास आधी चित्रफीत आणि नंतर उपग्रह वाहिन्या यावी लागल्या. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये, अल्फा मराठी १९९९ मध्ये, तर केवळ मराठी चित्रपटांना वाहिलेली झी टॉकीज २००७ मध्ये सुरू झाली.

चार टक्के वेगवान चित्रपट

१९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच सुमारास व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत व भाड्याच्या दुकानांत आला. प्रक्षेपणाच्या वेळेचे बंधन तुटले. चित्रपट थांबवणे, मागे नेणे आणि आवडते गाणे पुन्हा पाहणे प्रथमच प्रेक्षकाच्या हाती आले. चोरट्या चित्रफितींचा सुळसुळाट एवढा झाला की १९८४ मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती करून चित्रफितीचा त्यात स्पष्ट समावेश करावा लागला.

या काळातील एक बदल मात्र फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चित्रित होतो आणि भारतात स्वीकारलेली पॅल प्रक्षेपण पद्धत २५ चौकटींची होती. हा मेळ घालण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चित्रपटच किंचित वेगाने चालवणे. परिणामी १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपत असे. वेगाबरोबर स्वरही चढे. हार्मोनियमवर पांढरी एक ते काळी एक हे जे अंतर, त्याच्या जवळजवळ दोन-तृतीयांश इतकी ही चढ होती. अशा प्रक्षेपणातून किंवा चित्रफितीतून ऐकलेले गाणे मूळ ध्वनिमुद्रिकेपेक्षा थोडे वरच्या पट्टीत वाजत होते.

त्यानंतर आलेल्या व्हीसीडीत चित्र अवघे ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एक लाख बिंदूंचे होते. एका तबकडीत साधारण ७४ मिनिटे मावत असल्याने चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागला जाई आणि मध्यंतर दिग्दर्शकाने नव्हे तर तबकडीच्या क्षमतेने ठरे. डीव्हीडीने बिंदूंची संख्या सुमारे चार लाखांवर नेली. आजच्या फुल एचडी चित्रात ती सुमारे २१ लाख आणि ४के चित्रात सुमारे ८३ लाख आहे. तीन दशकांत तपशील ८० पटींहून अधिक वाढला. तथापि बिंदूंची संख्या वाढली म्हणून चित्रपट जसाच्या तसा दिसू लागला, असे म्हणता येत नाही.

चौकटीचा आकार : काय दिसते, काय कापले जाते

पहिला प्रश्न आकाराचा आहे. बोलपटाच्या आरंभीच्या दशकांतील चौकट जवळजवळ चौरस, १.३७:१ या प्रमाणाची होती. १९५९ च्या ‘कागज़ के फूल’ने भारतात सिनेमास्कोपची रुंद चौकट आणली; आज मोठ्या पडद्यासाठी केलेले अनेक चित्रपट २.३९:१ या प्रमाणात असतात. घरातील सध्याचे संच मात्र १६:९ म्हणजे १.७८:१ प्रमाणाचे आहेत. म्हणजे जुना चित्रपट या पडद्याला अरुंद पडतो आणि नवा रुंद होतो.

रुंद चित्रपट पूर्ण दाखवायचा तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र पडद्याच्या सुमारे ७४ टक्के उंचीत बसते. जुन्या ४:३ संचावर हे प्रमाण ५६ टक्क्यांपर्यंत घसरत असे. त्यामुळे अनेकदा चित्राच्या दोन्ही बाजू कापून मधलाच भाग दाखवला जाई. दोन पात्रे चौकटीच्या दोन टोकांना उभी असतील तर त्यांपैकी एकाचा केवळ आवाज ऐकू येई. पडदा भरलेला असावा, ही प्रेक्षकाची अपेक्षा या कापाकापीमागे होती.

जुन्या चित्रपटांवर उलट अन्याय होतो. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचा हा चित्रपट आजच्या संचावर ‘पूर्ण पडदा’ या मांडणीत ताणला, तर विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसतो. ताणण्याऐवजी चित्र मोठे केले, तर उंचीचा जवळजवळ एक-चतुर्थांश भाग कापला जातो आणि डोके किंवा हातातील वीणा चौकटीबाहेर जाते. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा दोष नसून चित्र अखंड असल्याची ती खूण आहे, हे ध्यानात घेतल्यास रिमोटवरील ‘मूळ प्रमाण’ हा पर्याय निवडणे सोपे जाते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या संदर्भात बोलके उदाहरण ठरतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटात कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर असतो. न्यायालयातील मुख्य कामकाज मध्यभागी चालू असते आणि मागच्या बाकांवर वाट पाहणारी माणसे कडेला दिसत राहतात. व्यवस्थेचा कंटाळवाणा, यांत्रिक स्वभाव याच कडांमधून व्यक्त होतो. लहान किंवा कापलेल्या चित्रात कथानक तेवढे शिल्लक राहते. ज्यासाठी चित्रपट केला तो अनुभव हरवतो.

गुळगुळीत गतीचा घोटाळा

नवा संच घरी आणल्यावर चित्रपट एखाद्या दैनंदिन मालिकेसारखा दिसतो, अशी तक्रार अनेक प्रेक्षक करतात. त्याचे कारण संचातील गतिपूरक प्रक्रिया हे असते. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट ६० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर समान वाटणीने बसत नाही. म्हणून एक चौकट दोनदा, पुढची तीनदा दाखवली जाते आणि कॅमेरा सावकाश फिरताना चित्र किंचित अडखळते. १२० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा दाखवता येत असल्याने ही अडचण उरत नाही.

परंतु अनेक संच याहून पुढे जातात. दोन चौकटींच्या मध्ये काय असावे याचा अंदाज बांधून ते स्वतःच नव्या चौकटी तयार करतात. एलजीच्या संचांत या सोयीला ‘ट्रूमोशन’, सोनीच्या संचांत ‘मोशनफ्लो’, तर सॅमसंगच्या संचांत ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ असे नाव आढळते. क्रिकेट सामन्यात चेंडूचा माग काढण्यासाठी ती उपयुक्त आहे. चित्रपटात मात्र कोणीही चित्रित न केलेल्या चौकटी घुसतात आणि गतीचा स्वभाव बदलतो.

अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी डिसेंबर २०१८ मध्ये चित्रफीत प्रसारित करून प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याचे आवाहन केले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये संचनिर्माते आणि चित्रपट कंपन्यांच्या ‘यूएचडी अलायन्स’ने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन आदी दिग्दर्शकांनी त्यास पाठिंबा दिला. या मांडणीत गतिपूरक प्रक्रिया, कृत्रिम धार आणि अतिरिक्त रंग एकाच वेळी बंद होतात आणि चौकटीचे मूळ प्रमाण राखले जाते.

प्रकाश, अंधार आणि दुकानातील झगमगाट

चित्रपटगृहातील पडद्यावरील पांढऱ्या रंगाची तेजस्विता प्रमाणानुसार सुमारे ४८ निट्स इतकीच असते. घरातील साधा संचही याच्या कित्येक पट उजळ असतो. तरीही चित्रपटगृहातील चित्र अधिक खोल वाटते, कारण भोवतालचा अंधार डोळ्यांना सावल्यांमधील बारकावे पाहू देतो. खिडकीतून ऊन येत असलेल्या दिवाणखान्यात तेच बारकावे काचेवरील प्रतिबिंबात विरतात.

संचाच्या विक्रीचीही यात भूमिका आहे. दुकानाच्या प्रखर दिव्यांखाली शेजारच्या संचापेक्षा आपला संच उठून दिसावा म्हणून ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मांडणीत निळसर पांढरा आणि भडक रंग दिले जातात. घरी आल्यावर तीच मांडणी कायम राहिली, तर त्वचेचा वर्ण आणि संध्याकाळचा प्रकाश दोन्ही बदलतात. पडद्याच्या प्रकारानेही फरक पडतो. एलसीडी पडद्यामागे दिवे सतत तेवत असल्याने काळा रंग राखाडी भासतो. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे विझू शकतो, त्यामुळे अंधार खरा अंधार वाटतो. ‘एचडीआर’ ही अक्षरे खोक्यावर असली तरी संचाची कमाल तेजस्विता पुरेशी नसेल, तर उजेड आणि सावली यांतील वाढीव अंतर पडद्यावर उतरत नाही.

ताम्हाणे यांच्याच ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिस येथे सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि ३० एप्रिल २०२१ पासून तो नेटफ्लिक्सवर उपलब्ध झाला. रात्रीच्या निर्जन मुंबईत मोटारसायकलवरून संथ गतीने जाणारा शास्त्रीय संगीताचा विद्यार्थी, मागे तानपुऱ्याचा अखंड नाद आणि कानात गुरूंच्या गुरूंचा, माईंचा आवाज, ही त्यातील वारंवार येणारी दृश्ये घरच्या पडद्याची जणू परीक्षाच घेतात. गतिपूरक प्रक्रिया चालू असेल तर संथपणा कृत्रिम होतो, काळा रंग राखाडी असेल तर रात्र फिकी पडते आणि ध्वनिक्षेपक तोकडे असतील तर तानपुरा नाहीसा होतो.

कानांनी पाहायचा चित्रपट

संच जितका पातळ झाला तितकी ध्वनिक्षेपकांची जागा कमी झाली. आता ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि आवाज भिंतीवर किंवा मेजावर आपटून श्रोत्यापर्यंत येतो. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण मात्र किमान सहा स्वतंत्र मार्गिकांसाठी (५.१) केलेले असते. त्यात संवाद प्रामुख्याने मधल्या ध्वनिक्षेपकातून येतात. या सर्व मार्गिका दोन लहान ध्वनिक्षेपकांत कोंबल्या की संवाद, पार्श्वसंगीत आणि परिसराचे आवाज एकमेकांवर चढतात.

दुसरी अडचण मोठ्या आणि हळू आवाजांतील अंतराची आहे. शांत चित्रपटगृहात कुजबुज आणि स्फोट दोन्ही स्पष्ट ऐकू येतात. घरात पंखा, कुकरची शिटी आणि रस्त्यावरील वाहतूक यांच्यावर मात करण्यासाठी कुजबुजीच्या वेळी आवाज वाढवावा लागतो आणि पुढच्याच प्रसंगात शेजाऱ्यांच्या काळजीने तो घाईने कमी करावा लागतो. सामायिक भिंतींच्या सदनिकांत हा रोजचा अनुभव आहे. त्यावर ‘नाइट मोड’ किंवा संवाद स्पष्ट करणारी सोय उपयोगी पडते. मोठ्या पडद्यावर आणखी खर्च करण्यापेक्षा साउंडबार घेतल्यास अनेक घरांत अधिक फरक जाणवतो.

अंतराचे गणित

संच किती इंचांचा घ्यावा याचे उत्तर खोलीच्या लांबीत दडलेले असते. ५५ इंची संचाची रुंदी सुमारे १.२२ मीटर असते. चित्राने डोळ्यांसमोर ३० अंशांचा कोन व्यापावा, हा प्रचलित निकष मानला तर बसण्याचे अंतर सुमारे २.३ मीटर, म्हणजे साडेसात फूट येते. निरोगी दृष्टीला कोनाच्या एक-साठांश अंशाएवढा तपशील ओळखता येतो. त्या हिशेबाने याच संचावर फुल एचडी चित्रातील बिंदू सुमारे २.२ मीटरपलीकडून वेगळे दिसेनासे होतात. त्याहून दूर बसणाऱ्याला ४के चित्राच्या वाढीव बिंदूंचा लाभ फारसा मिळत नाही.

भ्रमणध्वनीचे गणित चकित करणारे आहे. साडेसहा इंची पडदा डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर आडवा धरला तर रुंद चित्र सुमारे २८ अंशांचा कोन व्यापते. म्हणजे कोनाच्या हिशेबात तो दिवाणखान्यातील मोठ्या संचाच्या जवळपास पोहोचतो. मात्र हा पडदा एकट्याचाच असतो. एकेकाळी गल्ली जमवणारा चित्रपट तळहातावर येताना घरातील माणसांनाही वेगवेगळ्या कोपऱ्यांत पाठवतो.

जोडणी, किंमत आणि धोरण

ऑनलाइन मंचांवर चित्राचा दर्जा तिघे मिळून ठरवतात : वर्गणी, उपकरण आणि जोडणी. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये भारतात आणलेली मोबाइल योजना ४८० रेषांच्या चित्रापुरती मर्यादित होती. याच कंपनीच्या माहितीनुसार एचडी चित्रासाठी तासाला ३ जीबीपर्यंत, तर ४के चित्रासाठी ७ जीबीपर्यंत डेटा खर्च होतो. जोडणी मंदावली की चित्र थांबत नाही, त्याचा दर्जा गुपचूप खाली येतो. धुके, पाऊस आणि अंधाराच्या दृश्यांत चौकोनी ठिगळे दिसू लागतात ती यामुळेच.

दरांचा कलही घराकडे झुकणारा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने चित्रपटाच्या तिकिटाची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २०० रुपये ठरवली होती. तिला उच्च न्यायालयाने काही दिवसांतच अंतरिम स्थगिती दिली.

घरी काय तपासावे?

पुढील बाबींसाठी नवा खर्च लागत नाही :

• चित्राची मांडणी ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ यावर आणावी.

• चित्रपट पाहताना गतिपूरक प्रक्रिया बंद ठेवावी. क्रिकेटसाठी ती पुन्हा चालू करता येते.

• चौकटीचे प्रमाण ‘मूळ’ ठेवावे. काळ्या पट्ट्या घालवण्यासाठी चित्र ताणू किंवा मोठे करू नये.

• पडद्यावर थेट पडणारा प्रकाश रोखावा. संचामागे मंद दिवा असल्यास डोळ्यांवरील ताण कमी होतो.

• ध्वनीच्या मांडणीत संवाद स्पष्ट करणारा पर्याय शोधावा आणि मराठी उपशीर्षके उपलब्ध असल्यास वापरावीत.

• वर्गणीची योजना आणि जोडणीचा वेग संचाच्या क्षमतेशी जुळतो का, हे पाहावे.

जालहळ्ळीत चित्रनलिका तयार होत होत्या त्या काळात प्रेक्षकाच्या हाती फारसे काही नव्हते. संच सुरू करणे, आवाज कमी-जास्त करणे आणि छतावरील अँटेना फिरवणे एवढीच त्याची सत्ता होती. आज चित्रपट कसा दिसावा यातील बहुतेक निर्णय रिमोटवर उपलब्ध आहेत. ते प्रेक्षकाने घेतले नाहीत, तर दुकानासाठी ठरवलेली मांडणीच ते निर्णय घेत राहते. ज्या शहरात मराठी चित्रपटाला चित्रपटगृह क्वचितच मिळते, तेथे हा फरक साधा राहत नाही. चित्रपट पाहिला की त्याची केवळ गोष्ट कळली, हे त्यावरून ठरते.